एकाच दिवशी तीन शर्यती हातच्या गेल्या: यात नशीब किती आणि चूक किती?

नवा सुकाणू

नमस्कार. आठ मीटर लांबीच्या एका यॉटचे सुकाणू मी गेली दोन वर्षे सांभाळतो आहे. माझ्यासह आम्ही चौघे असतो. गेल्या रविवारी आमच्या क्लबच्या मालिकेतील तीन शर्यती लागोपाठ झाल्या. मालिकेत चौदा बोटी आहेत आणि गुणपद्धत नेहमीचीच आहे, म्हणजे पहिल्या बोटीला एक गुण, दुसरीला दोन, आणि ज्याचे गुण कमी तो पुढे. त्या एका दिवसात आम्ही 41 गुण गोळा केले. झाले ते सविस्तर लिहितो आहे, कारण यातले दुर्दैव कोणते आणि आमच्या हातून घडलेले कोणते, हे चार दिवस विचार करूनही मला नीट वेगळे करता आलेले नाही.

पहिल्या शर्यतीच्या वेळी वारा आठ ते दहा नॉट (ताशी सागरी मैल) होता. ओहोटी लागलेली होती आणि पाण्याची ओढ वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे आम्हाला वाऱ्याकडच्या मार्ककडे (वळणाच्या बोयाकडे) नेणारी होती. प्रारंभरेषेचे पिनकडचे (म्हणजे बोयाकडचे) टोक किंचित फायद्याचे वाटत होते, म्हणून आम्ही तिकडे गेलो. शेवटच्या मिनिटाला आम्ही रेषेपासून सुमारे तीन बोटींच्या लांबीइतके मागे, शिडे सैल सोडून उभे होतो आणि माझ्या मते वेळ अगदी जुळली होती. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसलेल्या सहकाऱ्याने शेवटच्या काही सेकंदांत हाताचे बोट वर केले. त्याला आपण रेषेच्या पुढे गेल्यासारखे वाटत होते. मला तसे वाटले नाही. भोंगा वाजला, शिडे ओढली, आणि मोकळ्या वाऱ्यात आम्ही जी मुसंडी मारली तशी मी या बोटीवर आधी कधी अनुभवली नव्हती. शर्यत आम्ही चौथ्या क्रमांकाने पूर्ण केली. अंतिम रेषेवर भोंगा वाजला नाही तेव्हा मनात पाल चुकचुकली, आणि फलकावर आमच्या नावापुढे ‘ओसीएस’ म्हणजे वेळेआधी रेषा ओलांडल्याची नोंद दिसली. पंधरा गुण. शर्यत चालवणाऱ्यांची कमिटी बोट आमच्यापासून रेषेच्या दुसऱ्या टोकाला होती, मध्ये डझनभर शिडे होती, परत बोलावणारा ‘एक्स’ झेंडा आम्हाला दिसला नाही आणि रेडिओवरही कोणी आमचा क्रमांक पुकारला नाही. याबद्दल दाद मागता आली असती का?

दुसऱ्या शर्यतीत मी ठरवून कमिटी बोटीच्या टोकाला गेलो, म्हणजे झेंडे डोळ्यांसमोर राहतील. आम्ही वरच्या बाजूने, वारा थोडा मागे घेऊन कमिटी बोटीकडे उतरत होतो. आमच्या खाली, वाऱ्याआडच्या बाजूला एक यॉट होती. तिच्या आणि कमिटी बोटीच्या मध्ये एका बोटीपुरती जागा होती आणि आम्ही ओरडून ती मागितली. तिच्या स्किपरने उत्तर न देता शांतपणे नाळ वाऱ्याकडे वळवली आणि जागा बंद केली. आम्हाला कमिटी बोटीला चुकीच्या बाजूने वळसा घालून परत यावे लागले आणि दीड मिनिट गेले. माझ्या समजुतीप्रमाणे मार्कजवळ आतल्या बोटीला जागा द्यावी लागते. मग इथे का नाही?

तरीही आम्ही तीन बोटी मागे टाकल्या होत्या. वाऱ्याकडच्या मार्कआधीच्या शेवटच्या टॅकला, म्हणजे वाऱ्यातून वळून बाजू बदलताना, विंचवरची (दोर ओढायच्या ढोलावरची) जिबची शीट, म्हणजे पुढच्या शिडाचा दोर, अडकली. वरचा वेढा खालच्या वेढ्यावर चढला होता आणि दोर इतका आवळला गेला होता की बोटाचे नखसुद्धा मध्ये जात नव्हते. बोट वळली, पण जिब जुन्याच बाजूला ताणलेली राहिली, तिच्यात उलटा वारा भरला आणि आम्ही मार्कपासून चार बोटींवर जागच्या जागी उभे राहिलो. चौघेही एकाच वेळी सूचना देत होते. सर्वांत मोठा आवाज माझा होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण त्या वेळात सहा बोटी मार्कला वळून स्पिनेकर, म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना लावायचे फुगीर शीड, उभारून गेल्या. अकरावा क्रमांक.

तिसरी शर्यत मात्र अजून डोक्यातून जात नाही. वारा उतरत चालला होता. वाऱ्याकडच्या मार्कला आम्ही पाचवे होतो, आमच्यापेक्षा वेगवान बोटींच्या बरोबरीने. मग अंतिम रेषेकडे वाऱ्याबरोबर जाणारा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि रेषा दोनशे मीटरवर असताना वारा पूर्ण पडला. स्पिनेकर ओल्या धोतरासारखा लोंबू लागला. पाणी तेलासारखे झाले. बोटीशेजारी फेसाचा एक पुंजका होता. मी त्याच्याकडे पाहत बसलो होतो आणि तो जागचा हलत नव्हता, म्हणून मला वाटले की आम्ही निदान उभे तरी आहोत. आमच्या डावीकडे एक पांढरी बोट होती. तिचीही शिडे तशीच लोंबत होती, तरी ती हळूहळू, एका लयीत आमच्या पुढे सरकत होती. कोणत्या वाऱ्यावर, ते कळेना. शेवटी एक झुळूक आली आणि आम्ही रेषा ओलांडली. पहिली बोट 75 मिनिटांत पोहोचली होती आणि आम्ही 97 मिनिटांत. आमच्या सेलिंग इन्स्ट्रक्शन्सप्रमाणे (शर्यतीच्या लेखी सूचनांप्रमाणे) पहिल्या बोटीनंतर 20 मिनिटांत न पोहोचणाऱ्यांची शर्यत अपूर्ण धरली जाते. दोन मिनिटांनी आम्ही बाद झालो. आणखी पंधरा गुण. हँडिकॅप, म्हणजे बोटींच्या वेगातला फरक भरून काढणारा हिशेब, लावून काढलेल्या वेळेत आम्ही निम्म्या बोटींच्या पुढे असतो, हे मी नंतर घरी हिशेब करून पाहिले, आणि ते पाहिले नसते तर बरे झाले असते.

रेषेवरचा पंच

मी गेली बरीच वर्षे शर्यती चालवतो, म्हणजे तुम्ही ज्या कमिटी बोटीकडे रागाने पाहता तिच्यावर मी असतो. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो.

वेळेआधी रेषा ओलांडणाऱ्या बोटीला परत बोलावण्यासाठी नियमाप्रमाणे दोनच गोष्टी लागतात: ‘एक्स’ झेंडा आणि भोंग्याचा एक आवाज. सर्व दोषी बोटी पूर्णपणे रेषेमागे येईपर्यंत झेंडा वर राहतो, मात्र प्रारंभाच्या संकेतानंतर चार मिनिटांपेक्षा जास्त नाही. रेडिओवर क्रमांक पुकारणे ही बहुतेक क्लबांत निव्वळ सोय असते, आणि ‘पुकारा झाला नाही किंवा ऐकू आला नाही म्हणून दाद मागता येणार नाही’ असे वाक्य सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये बहुधा लिहिलेले असते. तुमच्याकडे ते आहे का, ते एकदा वाचून पाहा. आवाजाचे मात्र तसे नाही. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या केस बुकमधील (निवाड्यांच्या संग्रहातील) केस 31 याच मुद्द्यावर आहे. झेंडा लावला पण भोंगा वाजवला नाही, आणि आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर असलेली बोट झेंडा न दिसल्यामुळे परतली नाही, तर तिला दाद मिळू शकते. झेंडा आणि भोंगा देण्यात कमिटीने दिरंगाई केली तर काय, हे केस 79 मध्ये आहे. तिथेही निकाल बोटीच्या बाजूने आहे.

पण दोन्ही ठिकाणी एक अट आहे, आणि तुमचे प्रकरण तिथेच कोसळते. आपण रेषेच्या पुढे आहोत हे बोटीला माहीत नसले पाहिजे, तसे वाटण्याचे कारणही नसले पाहिजे. तुमच्या नाळेवरच्या माणसाने बोट वर केले होते. सुनावणीत मी पहिला प्रश्न त्यालाच विचारला असता. रेषेचा अंदाज घेण्यासाठी बोटीवर त्याच्याइतकी चांगली जागा कोणाचीच नसते, आणि 2021 पासून फक्त बोटीचे धड पाहिले जाते, पुढे आलेला माणूस किंवा स्पिनेकरचा दांडा नाही, म्हणजे त्याने पाहायची गोष्टही एकच उरली आहे. त्याचे न ऐकता तुम्ही पाठीमागून, बारा मीटर उंच शिडाच्या आडून अंदाज बांधलात. शिवाय अशा अर्जाची मुदतही साधारणपणे त्याच दिवशी संपते.

दुसऱ्या शर्यतीतील त्या स्किपरने काहीही चुकीचे केले नाही. मार्कजवळ आतल्या बोटीला जागा देण्याचा नियम प्रारंभरेषेच्या टोकांना लागू होत नाही, जर त्या टोकाभोवती बोटी जाऊ शकतील इतके पाणी असेल आणि बोटी प्रारंभासाठी येत असतील. नांगरलेली कमिटी बोट याच प्रकारात मोडते. मग उरतो तो साधा नियम 11: एकाच टॅकवर, म्हणजे वारा एकाच बाजूने घेत, शेजारी असलेल्या दोन बोटींपैकी वाऱ्याकडच्या बोटीने दूर राहायचे. वाऱ्याकडची बोट तुमची होती. खालच्या बोटीने वळताना तुम्हाला बाजूला होण्याइतकी सवड दिली म्हणजे तिची जबाबदारी संपली, आणि तुम्ही वळसा घालू शकलात याचाच अर्थ सवड मिळाली होती. या घुसखोरीला आमच्याकडे ‘बार्जिंग’ म्हणतात आणि दर मोसमात चार-पाच जण जागेची हाक मारत तशीच येतात. हाक मारल्याने हक्क तयार होत नाही.

तिसऱ्या शर्यतीबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे, आणि हे लिहिताना मला माझ्याच जमातीवर टीका करावी लागते आहे. तुम्ही पोर्ट्समथ यार्डस्टिक ही हँडिकॅपची पद्धत वापरत असाल असे गृहीत धरतो. त्यात लागलेल्या वेळेला एक हजाराने गुणून बोटीच्या अंकाने भागतात. समजा पहिल्या बोटीचा अंक 950 आहे आणि तुमचा 1150. तिला 75 मिनिटे लागली, तर हँडिकॅपनंतर तिच्याशी अगदी बरोबरी साधायला तुम्हाला जवळपास 91 मिनिटे मिळतात. म्हणजे तुम्ही निर्दोष शर्यत केलीत तरी तिच्यानंतर 16 मिनिटांनी पोहोचता, आणि 20 मिनिटांची मुदत संपायला फक्त चार मिनिटे शिल्लक असतात. सारख्या बोटींच्या शर्यतीसाठी लिहिलेली मुदत कोणीतरी मिश्र ताफ्याला तशीच चिकटवली आहे. ती प्रत्यक्ष वेळेवर न ठेवता हँडिकॅपच्या वेळेवर ठेवावी, किंवा पहिल्या बोटीच्या वेळेच्या टक्केवारीत ठेवावी, असे पत्र तुम्ही समितीला जरूर द्या. शिवाय वारा उतरतो आहे हे दिसत असताना ‘एस’ झेंडा लावून शर्यत आधीच्या मार्कवर आटोपणे अधिकाऱ्याच्या हातात होते. वाऱ्याची वाट पाहण्यात किंवा शर्यत पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नौकाशर्यती मार्सेयला झाल्या, तेव्हा तिथेही वारा नाही म्हणून पदकाच्या शर्यती दुसऱ्या दिवसावर न्याव्या लागल्या.

जिबवाली

मी जिब सांभाळते, त्यामुळे विंचवर काय झाले असेल ते तुमच्या वर्णनावरूनच दिसते. आठ-दहा नॉट वाऱ्यात टॅक करताना जिबच्या शीटवर पहिले काही क्षण ओढच नसते. त्या वेळी विंचवर आधीच तीन-चार वेढे घालून ठेवले आणि सैल शीट भराभर ओढली, तर वेढे ढोलावर नीट बसत नाहीत, एकमेकांवर नाचतात, आणि जिब भरून एकदम ओढ आली की एक वेढा दुसऱ्याखाली दाबला जातो. वारा हलका असेल तर आधी एकच, फार तर दोन वेढे घ्यावेत आणि ओढ जाणवू लागल्यावर उरलेले चढवावेत.

दुसरे कारण बोटीतच असू शकते, आणि ते धक्क्यावर बांधलेल्या बोटीवरही तपासता येते. शीट विंचकडे किंचित खालून वर चढत आली पाहिजे. ती सरळ किंवा वरून येत असेल, तर तुमच्या सहकाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी वेढे एकमेकांवर चढतच राहणार. विंचपुढची कप्पी थोडी खाली घेतली की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो. मी एका बोटीवर अख्खा मोसम स्वतःला दोष देत काढला होता, आणि शेवटी कळले की आधीच्या मालकाकडून विंचखाली लाकडी ठोकळा बसवायचा राहून गेला होता.

अडकलेला वेढा सोडवताना सगळे त्या वेढ्याशीच झटतात. तसे करू नका, कारण ताणलेल्या दोराशी बोटांचे काही चालत नाही. एक सुटा दोर घ्या, जिब आणि विंच यांच्या मधल्या ताणलेल्या शीटवर तो रोलिंग हिच या न घसरणाऱ्या गाठीने बांधा, दुसऱ्या विंचवर नेऊन ओढा. ओढ त्या दोरावर गेली की अडकलेली शीट आपोआप ढिली पडते आणि दोन सेकंदांत सुटते. तुमच्या बाबतीत तर त्याहून सोपी गोष्ट होती: बोट पुन्हा जुन्या टॅकवर नेली असती तर उलट्या भरलेल्या जिबचा अडसर संपला असता, बोट चालती राहिली असती, आणि चालत्या बोटीवर हे काम निवांत झाले असते. मार्कपुढे गर्दी असताना हे सुचत नाही, हे मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट, ती तुम्हाला आवडणार नाही. सर्वांत मोठा आवाज तुमचा होता असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. पहिल्या शर्यतीत नाळेवरच्या माणसाने बोट वर केले तेही तुम्ही मानले नाही. चौघांच्या बोटीवर सुकाणूधारकाने आपले डोळे बोटीबाहेर ठेवायचे असतात. विंचवर काय करायचे ते विंचवरच्या माणसाला ठरवू द्यावे. आमच्या बोटीवर नियम असा आहे की गोंधळ झाला तर ज्याच्या हातात तो दोर आहे तोच बोलेल आणि बाकीचे त्याला हवे ते देतील. पहिले काही रविवार आम्हालाही ते जमले नाही.

टेलटेल

प्रारंभरेषेबद्दल एक भर घालतो. पिनच्या पुढे, रेषेच्या सरळ दिशेत किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण हेरून ठेवावी. शर्यतीपूर्वी कमिटी बोटीच्या टोकाकडून पिनकडे पाहिले की ती सापडते. मग पुढे-मागे किती आहोत याचा वाद उरत नाही, आणि रेषेच्या मधोमध उगाच दोन बोटी मागे राहण्याची सवयही जाते.

भरतीओहोटी

वरच्या उत्तरांतले बहुतेक मला पटते. पंचांचे मुदतीबद्दलचे मत मात्र अर्धेच पटते, कारण मुदत ढिली केली की चौथी शर्यत होत नाही आणि अंधार पडेपर्यंत ज्यांना बोट ओढत न्यावी लागते ते वेगळेच असतात. पण ते असो. मूळ प्रश्नात तुम्ही पहिली आणि तिसरी शर्यत दोन निराळी दुर्दैवे म्हणून मांडली आहेत, आणि मला ती एकच गोष्ट वाटते.

तुम्हीच लिहिले आहे की ओहोटीची ओढ वाऱ्याच्या तोंडावर होती. ती एक नॉट धरा. एक नॉट म्हणजे मिनिटाला जवळपास 31 मीटर. तुम्ही शेवटच्या मिनिटाला रेषेपासून तीन बोटी मागे, म्हणजे सुमारे 24 मीटरवर, शिडे सैल सोडून उभे होता. उभे होता असे तुम्हाला वाटत होते. पाणी तुम्हाला उचलून रेषेकडे नेत होते, आणि शिडे अजिबात न ओढतासुद्धा भोंगा वाजण्यापूर्वी तुम्ही रेषेपलीकडे गेला असता. नाळेवरच्या माणसाला ते दिसले कारण तो पिनकडे पाहत होता. तुम्हाला दिसले नाही कारण तुम्ही शेजारच्या बोटींकडे पाहत होता, आणि त्या सगळ्या तुमच्याबरोबर त्याच पाण्यावर सरकत होत्या. अशा प्रवाहात एका मिनिटाआधी रेषेपासून तीन नव्हे, निदान सहा-सात बोटी खाली असायला हवे, आणि बोट चालती ठेवायला हवी, कारण उभ्या बोटीवर सुकाणू चालत नाही. एकदा पुढे गेलात तर परत येणेही महाग पडते, कारण तेव्हा तोच प्रवाह तुमच्या विरुद्ध असतो.

आता तिसरी शर्यत. दुपारी वारा पडला, पण ओहोटी संपलेली नव्हती. सकाळी जो प्रवाह तुम्हाला वाऱ्याकडच्या मार्ककडे ढकलत होता तोच आता तुम्हाला अंतिम रेषेपासून मागे, पुन्हा त्याच मार्ककडे नेत होता. तुमचा तो फेसाचा पुंजका हलत नव्हता, कारण तोही त्याच पाण्यावर होता. पाण्याकडे पाहून प्रवाह कधीच दिसत नाही. तो दिसतो बोया, नांगरलेली बोट किंवा किनारा यांच्याकडे पाहून. फेसाऐवजी अंतिम रेषेचा बोया आणि त्यामागची एखादी इमारत पाहिली असती, तर दोन मिनिटांत ध्यानात आले असते की तुम्ही मागे चालला आहात. सहा मिनिटे तसे वाहत गेलात तर 185 मीटर जातात, आणि ते पुन्हा कापायला झुळूक खर्ची पडते. तुमची दोन मिनिटे तिथे गेली आहेत.

आणि ती पांढरी बोट. ती पुढे सरकत नव्हती. मी पैजेवर सांगतो की तिने नांगर टाकला होता. ती जागच्या जागी उभी होती आणि बाकीचा सगळा ताफा मागे वाहत होता, म्हणून तुम्हाला ती पुढे जाताना दिसली. शर्यतीत नांगर टाकायला नियमांची पूर्ण मुभा आहे; फक्त पुन्हा निघण्यापूर्वी तो वर घ्यावा लागतो. मुरलेले लोक तो नाळेवरून धाडकन टाकत नाहीत. हलका नांगर आधीच कॉकपिटमध्ये आणून ठेवतात, तुमच्या नजरेआडच्या बाजूने हातानेच पाण्यात सोडतात, शिडे उभीच ठेवतात आणि चेहरा असा ठेवतात की जणू तेही तुमच्यासारखे वाऱ्याची वाट पाहत आहेत. मी स्वतः असा नांगर टाकून एकदा नऊ बोटी मागे टाकल्या आहेत, आणि त्यातल्या दोघांना धक्क्यावर परत येईपर्यंत काय झाले ते कळले नव्हते. आठ मीटर पाण्यात, वारा नसताना, तीस मीटर दोर पुरतो.

केव्हा टाकायचा, हा खरा प्रश्न असतो. लवकर टाकला तर शेजारच्याला आलेली झुळूक तुम्हाला दोर ओढत पाहावी लागते. माझा ठोकताळा असा: बोटीच्या बाजूला दिसणाऱ्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, आणि त्या सलग अर्धा मिनिट उलट्या दिशेने फुटत राहिल्या की चर्चा न करता टाकायचा.

विंचचा प्रकार तेवढा निराळा आहे. त्याच्याशी ओहोटीचा संबंध मला लावता आला नाही, आणि मी प्रयत्न केला.

नवा सुकाणू

सर्वांचे मनापासून आभार. रेषेवरचा पंच यांनी सांगितल्याप्रमाणे सेलिंग इन्स्ट्रक्शन्स वाचल्या. रेडिओबद्दलचे ते वाक्य तिसऱ्या पानावर जसेच्या तसे आहे. मुदतीबद्दलचे पत्र लिहायला घेतले आहे आणि त्यात 950 आणि 1150 चे उदाहरण घेतो आहे, कारण आमचे प्रत्यक्ष अंक त्याच्या फार जवळ आहेत. विंचपुढची कप्पी पाहिली. शीट खालून चढत येत नाही, अगदी सरळ येते. नाळेवरच्या सहकाऱ्याला मी फोन करून त्याचे बोट वर गेले होते हे मान्य केले. तो म्हणाला की त्याने ते दोनदा वर केले होते.

पांढऱ्या बोटीच्या स्किपरला काल विचारले. ते आधी नुसते हसले, मग म्हणाले, ‘तुम्हाला कोणी सांगितले?’

आमच्या बोटीवरही एक हलका नांगर आहे, हे मला माहीत होते. तो शोधला तेव्हा पुढच्या केबिनमध्ये, जुन्या शिडांच्या दोन पिशव्यांखाली आणि एका फुटक्या बादलीत सापडला. त्याच्या दोराचा असा गुंता झालेला होता की आम्हा दोघांना तो सोडवायला पंचवीस मिनिटे लागली.